धुराची खतावणी

विदर्भातल्या हवेची चर्चा निघाली की चंद्रपूरचं नाव येतं, मग नागपूरचं. गोंदियाचं सहसा येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यातल्या शहरांच्या यादीत विदर्भातून चंद्रपूर, नागपूर, अमरावती आणि अकोला आहेत, गोंदिया नाही. ही यादी कशी तयार झाली ते मात्र पाहिलं पाहिजे. ज्या शहरांत हवा मोजणारी केंद्रं होती आणि त्यांचे आकडे सलग काही वर्षं मर्यादेबाहेर राहिले, ती शहरं यादीत गेली. म्हणजे जिथे मोजलं तिथलंच दिसलं. तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, धानाच्या राइस मिल, महामार्गावरचे ट्रक, विटाभट्ट्या, उन्हाळ्यातले वणवे आणि घराघरांतल्या चुली एवढं सगळं या एका जिल्ह्यात आहे. त्याच्या धुराचा हिशेब हवा मोजणाऱ्या केंद्राची वाट न पाहता मांडता येतो का?

येतो. धूर सोडणाऱ्यावर यंत्र न बसवता त्याचा धूर किती, हे सांगण्याची पद्धत जगात सर्वांत काटेकोरपणे बसली ती बंदरांमध्ये, जहाजांसाठी. समुद्र गोंदियापासून फार दूर आहे, पण ती पद्धत इथे जशीच्या तशी कामाला येते. म्हणून आधी बंदराचं पाहू.

जहाज आज जवाहरलाल नेहरू बंदरात असतं, पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्याच देशात. त्याच्या धुराड्यात नळी घालून कायम कोण बसणार? म्हणून बंदरांनी उलट बाजूने सुरुवात केली. इंजिन किती किलोवॅटचं, ते किती भारावर चाललं, किती तास चाललं आणि तशा इंजिनातून तसं इंधन जाळल्यावर दर युनिटमागे किती ग्रॅम धूर निघतो, या चार गोष्टींचा गुणाकार म्हणजे त्या जहाजाचं उत्सर्जन. यातला शेवटचा आकडा, म्हणजे उत्सर्जन गुणक, प्रयोगशाळेत आणि निवडक जहाजांवर मोजून ठरवलेला असतो. बाकीचे तीन कागदपत्रांतून मिळतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या प्रत्येक जहाजाला आपली ओळख, जागा आणि वेग सतत प्रक्षेपित करणारी यंत्रणा ठेवावी लागते. ती टकरी टाळण्यासाठी आली, पण धुराच्या हिशेबनीसांना त्यातून रोजकीर्दच मिळाली. वेगावरून भार काढता येतो: इंजिनाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग निम्मा केला की शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते.

धक्क्याला लागलेल्या जहाजाचं गणित वेगळं. मुख्य इंजिन बंद होतं, पण दिवे, शीतपेट्या आणि पंप यांच्यासाठी सहायक इंजिनं आणि बॉयलर चालूच राहतात. खुल्या समुद्रावर जाळलेल्या इंधनापुढे हे इंधन किरकोळ असतं. तरी बंदर असलेल्या शहरांसाठी तोच भाग सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण तो धूर वस्तीला लागून, कमी उंचीवर आणि तासन्‌तास निघतो. सगळ्या जगाच्या जहाजांचा हिशेब याच पद्धतीने झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० च्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के जहाजांचा होता. २००७ मध्ये जेम्स कॉर्बेट आणि सहकाऱ्यांनी जहाजांच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ६० हजार अकाली मृत्यू होतात, असा अंदाज मांडला. अशा अंदाजांच्या बळावरच १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. प्रत्येक धुराड्यावर यंत्र बसेपर्यंत थांबायचं ठरलं असतं, तर हा नियम आजही झाला नसता.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा स्रोतनिहाय अभ्यास करून घेतला आणि २०१० नंतर त्याचे अहवाल बाहेर आले. मुंबईचं काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे होतं, पुण्याचं एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने ‘सफर’ या हवेच्या अंदाज यंत्रणेसाठी दिल्ली, पुणे, मुंबईच्या उत्सर्जनाचे चौकटवार नकाशे केले. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या अनेक संस्था विटाभट्ट्या, चुली आणि शेतातल्या जाळाचे भारतीय गुणक प्रत्यक्ष मोजून ठरवत आहेत. ज्ञान आहे, माणसं आहेत आणि नीरीसारखी संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. तरी शहरांवरून नजर हटत नाही, ही माझी मुख्य तक्रार.

आता तिरोडा. अदानी पॉवरच्या या केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. पहिला २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. मोठ्या वीज केंद्रांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवून त्यांचे आकडे मंडळाकडे थेट पाठवण्याचे आदेश २०१४ मध्येच निघाले. त्यामुळे इथे अंदाजाची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज आहे ती पडताळणीसाठी. खालचं गणित केंद्राने मोजलेल्या आकड्यांचं नाही. भारतीय कोळशावर चालणाऱ्या अशा कोणत्याही केंद्राला लागू पडणारे सर्वसाधारण आकडे घेऊन केलेलं आहे.

केंद्र सरासरी ७५ टक्के भारावर चाललं असं धरू. दिवसाला सुमारे ५ कोटी ९४ लाख युनिट होतात. युनिटमागे ६५० ग्रॅम कोळसा धरला तर रोजचा कोळसा साडेअडतीस हजार टनांच्या आसपास. एका रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, चार हजार टनांच्या जवळपास कोळसा येतो, म्हणजे दिवसाला नऊ ते दहा रेक. बंदराला जे जहाजांच्या संकेतांचं महत्त्व, तेच इथे रेकच्या नोंदीला. कोळसा कुठून भरला, किती टन भरला आणि कधी उतरला, हे रेल्वेच्या दप्तरात असतंच.

या कोळशात ३५ टक्के राख धरली आणि तिचा ८० टक्के भाग धुराबरोबर वर जातो असं मानलं, तर रोज दहा-अकरा हजार टन राख धूळ पकडणाऱ्या विद्युत यंत्रणेपुढे येते. ती यंत्रणा ९९.९ टक्के राख अडवत असेल तर बाहेर पडते सुमारे ११ टन. पण ९९.८ टक्केच अडवत असेल तर बाहेर पडते २२ टन. कागदावर एक दशांश टक्क्याचा फरक, हवेत दुप्पट धूळ. एखादं केंद्र आपल्या यंत्रणेची क्षमता ‘९९ टक्क्यांहून अधिक’ अशी छापतं, तेव्हा त्या वाक्यातून काहीच कळत नाही, ते यामुळे. उलटतपासणीही करता येते. २००३ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांना धुळीची मर्यादा प्रति घनमीटर ५० मिलिग्रॅम आहे. दर युनिटमागे सुमारे ३.७ घनमीटर धुराचा वायू धरला तर मर्यादेत राहणारं केंद्र दिवसाला ११ टन धूळ सोडेल. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की हिशेबावर भरवसा बसतो. तो आला नाही, तर कुठलं गृहीतक चुकलं हे शोधायला वाट मिळते.

गंधकाचा हिशेब याहून सोपा आणि याहून अस्वस्थ करणारा आहे. जळताना गंधकाचं वजन दुप्पट होतं, कारण त्यात तेवढाच ऑक्सिजन मिळतो. कोळशात ०.४ टक्के गंधक धरला, थोडा राखेत राहतो म्हणून वजा केला आणि गंधक काढणारी यंत्रणा चालू नाही असं मानलं, तर दर युनिटमागे साधारण ५ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो. दिवसाला जवळपास ३०० टन.

भारतीय कोळशात गंधक कमी असतो, हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. टक्केवारीत तो खरा आहे. पण बंदराशी तुलना केली की चित्र पालटतं. जहाजाच्या इंधनाला आज ०.५ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे आपल्या कोळशाच्या आसपासच. मात्र जहाजाला एक युनिट ऊर्जेसाठी सुमारे २०० ग्रॅम इंधन पुरतं आणि आपल्या राखयुक्त कोळशाचे ६५० ग्रॅम लागतात. त्यामुळे जहाज दर युनिटमागे २ ग्रॅमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि यंत्रणेविना चालणारं कोळसा केंद्र त्याच्या अडीचपट. जगाने ज्या कारणासाठी जहाजांना आवरलं, त्याच कारणाने मोजलं तर आपला ‘कमी गंधकाचा’ कोळसा सुटत नाही.

इथे धोरणाचा भाग येतो. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने २००३ ते २०१६ या काळातल्या ५०० मेगावॅट आणि त्यावरच्या संचांना सल्फर डायऑक्साइडसाठी प्रति घनमीटर २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती पाळण्याची मुदत पुनःपुन्हा वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पडले: राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवरच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतले, अतिप्रदूषित क्षेत्रं किंवा सुरुवातीला सांगितलेल्या यादीतल्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतले आणि उरलेले सगळे. जुलै २०२५ मध्ये या तिसऱ्या वर्गाला, चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. देशातली तीन चतुर्थांशांहून अधिक क्षमता या वर्गात येते. हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आत आहे, यंत्रणेचा खर्च मोठा आहे आणि ती चालवायलाही वीज लागते, अशी बाजू सरकारने मांडली. यातलं शेवटचं आणि मधलं मी मान्य करतो. पहिलं मात्र हिशेबाच्या चुकीच्या पानावरचं आहे. ५०० मेगावॅटपेक्षा मोठ्या संचांच्या चिमण्या २७५ मीटर उंचीच्या असाव्यात, असा आपला नियम आहे. इतक्या उंचीवरून निघालेला वायू चिमणीच्या पायथ्याशी उतरत नाही. तो वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत तासातासाला थोडा थोडा सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदलतो. जिथे कण बनतो तिथे तो सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजला जात नाही, पीएम २.५ म्हणून मोजला जातो. १० किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यातले लोक मोजणं हे उंच चिमणीच्या बाबतीत तर्काला धरून नाही. तिरोड्याच्या गंधकाचा भार तिरोडेकरांवर कमी आणि वाऱ्याच्या दिशेने भंडारा, बालाघाट, राजनांदगाव, नागपूरकडे जास्त पडणार. ज्याच्या अंगणात चिमणी नाही, तोही या हिशेबात धरला पाहिजे.

तिरोड्याचा आकडा मोठा असल्याने लेख इथेच थांबवण्याचा मोह होतो. पण गोंदियाची खरी ओळख धानाची आहे आणि जमिनीलगतच्या धुराचा प्रश्नही तिथेच आहे.

धान भरडलं की वजनाच्या साधारण वीस टक्के तूस निघतं. एक लाख टन धानामागे वीस हजार टन. अरवा तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर नसतो. तिथे धूर नसून धूळ असते, पंख्यांनी उडवलेली, धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनमधून सुटलेली, पोत्यांच्या थप्पीवर बसलेली. उसना तांदळाच्या मिलची गोष्ट वेगळी. धान भिजवायचं, वाफवायचं, मग वाळवायचं. वाफ आणि गरम हवा दोन्हीसाठी भट्टी लागते आणि भट्टीत जातं घरचंच तूस. इंधन फुकट, शिवाय ते फेकायचा प्रश्न सुटतो. शेतीचा टाकाऊ माल जाळला म्हणून कार्बनच्या हिशेबात हे जवळपास निर्दोष मानलं जातं.

भट्टीजवळ उभं राहिलं तर वेगळं दिसतं. तूस हलकं आणि पोकळ असतं. पंख्याच्या झोताने ते भट्टीत पडतं, पण पुरतं जळायच्या आत बरंच वर उचललं जातं. कामगार सळईने राख ओढतो तेव्हा वरचा थर करडा, आतला काळा असतो. काळा म्हणजे अर्धवट जळालेला. चिमणीवर सायक्लोन असला तरी तो मोठे कण खाली पाडतो आणि सूक्ष्म कण वर सोडतो. मोठे कण बायकांना दिसतात, कारण ते वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पापडांवर येतात. तक्रार त्यांचीच होते. सूक्ष्म कण दिसत नाहीत, पण फुप्फुसाच्या तळाशी तेच पोचतात. तुसाच्या राखेत ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका असते. भट्टी फार तापली की तिचा काही भाग स्फटिकरूप होतो आणि स्फटिकरूप सिलिका फुप्फुसाला घातक असते. राख ओढणाऱ्या, पोत्यात भरणाऱ्या, ट्रकवर चढवणाऱ्या माणसाच्या नाकावर बहुतेक वेळा फक्त गमछा असतो.

वीस हजार टन तूस जाळलं तर सुमारे साडेतीन हजार टन राख उरते. तिचा शंभरावा भाग जरी चिमणीतून सुटला तरी ३५ टन, आणि तो २७५ मीटरवरून नाही तर घरांच्या कवेलूंच्या थोडा वर, गावातच. हा शंभरावा भाग खरा की पन्नासावा, हे चिमणीत नळी घालून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. अशा मोजणीला चिमणीवर ठरावीक उंचीवर भोक, तिथवर जायला शिडी आणि उभं राहायला मचाण लागतं. आत जाणाऱ्या नळीत हवा ओढण्याचा वेग चिमणीतल्या वाऱ्याच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. एका मिलच्या अशा मोजणीत अख्खा दिवस जातो. सगळ्या मिल मोजणं शक्य नाही, पण जुनी भट्टी, नवी भट्टी, एक सायक्लोन, अनेक सायक्लोन अशा पाच-सहा प्रकारांतून प्रत्येकी दोन-तीन मिल निवडून मोजल्या तर गोंदियाचा स्वतःचा गुणक तयार होईल. मग बाकीचं काम कागदावर. सरकारी धानाच्या भरडाईत कोणत्या मिलने किती धान उचललं आणि किती तांदूळ जमा केला, याची नोंद पणन महासंघाकडे आणि आदिवासी विकास महामंडळाकडे असते. अरव्याला क्विंटलमागे ६७ किलो, उसन्याला ६८ किलो तांदूळ देण्याचा उतारा ठरलेला आहे. खासगी भरडाईसाठी धरमकाट्याच्या पावत्या आणि महावितरणचं बिल आहे. मिल किती तास चालली हे विजेच्या मीटरइतकं खरं कोण सांगणार?

आता चूल. किर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूळ मोजणारी उपकरणं लावली. तोवर वायुप्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी असंच जग मानत होतं. त्या मोजणीनंतर स्वयंपाकघर हे प्रदूषणाचं ठिकाण म्हणून अभ्यासात आलं. आपल्याकडे पुण्याच्या आरती संस्थेने आणि प्रियदर्शिनी कर्वे यांनी कमी धुराच्या चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

चुलीत जळालेल्या किलोभर लाकडातून साधारण ५ ग्रॅम सूक्ष्म कण निघतात. लाकूड ओलं असेल, चूल कशीही बांधलेली असेल, तर हा आकडा दुपटीने बदलतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती, म्हणजे ढोबळमानाने तीन लाख कुटुंबं. त्यातल्या एक लाख घरांत रोज ४ किलो लाकूड जळतं असं धरलं, तर दिवसाला २ टन सूक्ष्म कण. तिरोड्याच्या ११ टनांपुढे हे थोडं वाटेल. इथेच नुसत्या टनांचा हिशेब फसवतो.

बंदरांनी जे धक्क्यावरच्या जहाजांबद्दल शिकवलं ते इथे दसपट खरं आहे. किती धूर सोडला यापेक्षा त्यातला किती माणसांच्या श्वासात गेला, हे महत्त्वाचं. उंच चिमणीच्या एक टन धुरातून सगळ्या लोकांच्या छातीत मिळून काही ग्रॅम जातो. घरातल्या चुलीच्या एक टन धुरातून किलोच्या हिशेबात जातो. फरक साधारण हजारपटीचा आहे. म्हणून चुलींचे २ टन चिमणीच्या ११ टनांपेक्षा लहान नाहीत, कितीतरी मोठे आहेत. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी अभ्यासात हेच वर आलं: २०१५ या वर्षात घरगुती जळणाच्या धुराशी सुमारे २ लाख ६८ हजार मृत्यू जोडले गेले, कोळशाच्या ज्वलनाशी सुमारे १ लाख ६९ हजार. या दोन आकड्यांपैकी एक दाखवून दुसरा झाकणं चालू असतं. चुलीमुळे जास्त मृत्यू होतात म्हणून कोळशाला सूट द्यायची, किंवा कोळसा वाईट म्हणून चुलीकडे दुर्लक्ष करायचं, दोन्ही अन्याय आहेत.

चुलीचा हिशेब मात्र मिलइतका सोपा नाही. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर दारात आणला. पण जोडणी असणं आणि भरलेला सिलिंडर असणं वेगळं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलालगतच्या गावांत सरपण वेचून मिळतं आणि सिलिंडरला रोख पैसे लागतात. पावसाळ्याआधी सरपणाची थप्पी लागते, ती कशासाठी लागते हे उघड आहे. त्यामुळे मोजायची ती जोडणी नव्हे, वर्षातली भरणी. तो आकडा गॅस कंपन्यांच्या वितरकांकडे ग्राहकनिहाय आहे. ज्या गावात घरटी वर्षाला दोन-तीनच सिलिंडर जातात, तिथे चूल पेटतेच आहे, एवढा निष्कर्ष काढायला सर्वेक्षणाचीही गरज नाही.

या सगळ्यावर ऋतूचा वरचष्मा. हिवाळ्यात विदर्भातलं किमान तापमान पुष्कळदा गोंदियात नोंदवलं जातं. अशा थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि झाकण बसल्यासारखी अडकते. त्यात सोडलेला धूर सकाळचं ऊन वर येईपर्यंत हलत नाही. नोव्हेंबरपासून धानाची आवक सुरू होते, भरडाईचा हंगाम चढतो, शेकोट्या पेटतात, पाणी तापवायला चूल लवकर लागते. म्हणजे जमिनीवरचे सगळे स्रोत नेमके झाकण बसण्याच्या काळात जोरात असतात. तिरोड्याची उंच चिमणी बहुतेक वेळा त्या झाकणाच्या वर असते. वर्षाच्या सरासरीत हे सगळं पुसलं जातं. गोंदियाचा हिशेब महिन्यावार, आणि शक्य तर प्रहरावार, मांडला नाही तर तो निरुपयोगी आहे.

बाकीच्या स्रोतांबद्दल थोडक्यात. नागपूर–रायपूर महामार्ग सडक अर्जुनी आणि देवरीतून छत्तीसगडात जातो. सीमेवर इंजिन चालू ठेवून उभे राहणारे ट्रक म्हणजे आपल्याकडची धक्क्यावरची जहाजं. मुंबई–हावडा मार्ग विजेवर असल्यामुळे गोंदिया जंक्शनचा धूर आता नगण्य आहे. विटाभट्ट्या हंगामी आहेत, पण तिथे तूस, कोळशाची चुरी आणि लाकूड मिसळून जळतं, त्यामुळे एकच गुणक लावता येत नाही. तणस इथे जनावरांचा चारा आहे, म्हणून पंजाबसारखा जाळ आपल्याकडे नाही. हार्वेस्टर वाढले तसा शेतात उरणाऱ्या खुंटांचा प्रश्न मात्र सुरू झाला आहे. वणव्यांची नोंद उपग्रह ठेवतात आणि भारतीय वन सर्वेक्षण त्यांचे इशारे वनखात्याला देतं. मोहफुलं वेचायला आणि तेंदूची नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग पाचोळ्यातून सरकते. झाडांच्या छत्राखालचा असा मंद जाळ आणि उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेला जाळ, दोन्ही नोंदीतून निसटतात. नवेगाव–नागझिऱ्याच्या वनरक्षकांच्या डायऱ्या इथे उपग्रहापेक्षा भरवशाच्या ठराव्यात.

हा सगळा अंदाज खरा कशावरून? जहाजांच्या हिशेबनीसांनी याचं उत्तर दुहेरी हिशेबाने दिलं: एकदा जहाजांच्या हालचालींवरून, एकदा विकल्या गेलेल्या इंधनावरून. दोन बेरजा जुळल्या नाहीत; हालचालींवरून काढलेली मोठी निघाली आणि त्या फरकाचा शोध घेताना इंधनविक्रीच्या नोंदीतली गळती कळली. आपल्याकडे वरून पाहणारी दुसरी नजर उपग्रहाची आहे. २०१७ मध्ये सोडलेल्या युरोपीय सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं उपकरण नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइडचे थर रोज टिपतं. ती माहिती सर्वांना खुली आहे. याआधीच्या उपग्रहाच्या आधारे २०१७ मध्येच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की सल्फर डायऑक्साइडमध्ये भारत चीनला मागे टाकत आहे. चीनने कोळसा कमी केला म्हणून नव्हे, तर चिमण्यांवर यंत्रणा बसवल्या म्हणून तो खाली आला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांच्या चिमणीतल्या धुळीनुसार एक ते पाच तारे देण्याची योजना आणली आणि ते तारे लोकांसमोर ठेवले. मोठ्या चिमण्यांसाठी हा चांगला पायंडा आहे. गोंदियाच्या मिल अशाच, आकड्यांसकट, गावासमोर यायला हव्यात.

काम कुठून सुरू करायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे: तिरोडा तालुक्यापासून. एकाच तालुक्यात सर्वांत उंच चिमणी, मिल, महामार्गापासून दूरचे राखेचे ट्रक आणि सरपणाच्या चुली आहेत. रेल्वेचे रेक, पणन महासंघाची भरडाई, गॅसची भरणी आणि वन विभागाच्या आगीच्या नोंदी ही चार दप्तरं जिल्हाधिकाऱ्यांच्या एका पत्राने एका टेबलावर येतात. गुणकांसाठी नीरी नागपुरात आहे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांची महिनावार, गाववार नोंद तिथून मिळाली तर धुराच्या नकाशावर आजाराचा नकाशा ठेवून पाहता येईल. पहिल्या वर्षाचा हिशेब चुकेल, तुसाचा गुणक तर नक्कीच चुकेल. लॉस एंजेलिसचं बंदर दरवर्षी आपल्या धुराचा अहवाल छापतं आणि पद्धत सुधारली की मागच्या वर्षांचे आकडे नव्याने काढून त्याच अहवालात देतं. तिरोड्याच्या अहवालातही तसा रकाना पहिल्या वर्षापासून असावा: जुना आकडा, नवा आकडा आणि तो का बदलला याचं कारण.